कर्नलमधून युजर मेमरीला हात लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि युजर म्हणजे त्यावर चालणारा साधा प्रोग्रॅम. इथली उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत. फ्रीबीएसडी आणि विंडोजसाठी पुढे वेगळं उत्तर आहे. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे: युजरकडून आलेला पॉइंटर म्हणजे परक्याने लिहून दिलेला एक आकडा. त्या पत्त्यावरचा डेटा एकदाच आणायचा, आणलेली प्रत तपासायची आणि पुढे फक्त त्या प्रतीवरच काम करायचं.

युजरने दिलेला पॉइंटर सरळ डीरेफरन्स केला (त्या पत्त्यावर थेट वाचलं किंवा लिहिलं) तर काय बिघडतं? माझ्या मशीनवर तर चालतंय.

चालतं, कारण बऱ्याच प्रोसेसरवर सिस्टिम कॉलच्या वेळी त्या प्रोसेसची पेज टेबलं (कोणता पत्ता मेमरीच्या कोणत्या तुकड्यावर, म्हणजे पेजवर, जातो त्याचे तक्ते) लागलेलीच असतात. पत्ता बरोबर असला की डेटा मिळतो. पण पत्ता कोणता द्यायचा हे युजरच्या हातात आहे. त्याने मॅप न केलेला पत्ता दिला तर कर्नलमध्ये ऊप्स (कर्नलची घातक चूक) होतो. त्याने मुद्दाम कर्नलच्या हद्दीतला पत्ता दिला तर त्याहून वाईट: तुमचा ड्रायव्हर त्याच्या वतीने कर्नलची मेमरी वाचून देतो, किंवा तिथे हवं ते लिहून देतो. रूट मिळवायला एवढं पुरेसं असतं.

शिवाय नव्या हार्डवेअरवर ते चालतही नाही. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून (२०१४) एसमॅप आहे, एआरएमवर आवृत्ती ८.१ पासून पॅन आहे, रिस्क-व्हीवर एसस्टेटस रजिस्टरमधला एसयूएम नावाचा बिट आहे. तिन्हींचं काम एकच: कर्नलने दार उघडल्याशिवाय युजर पेजला हात लावला की फॉल्ट. युजरकडचा डेटा कर्नलमध्ये आणणारं कॉपी_फ्रॉम_युजर हे फंक्शन ते दार तेवढ्यापुरतं उघडतं आणि लगेच बंद करतं; एक्स८६ वर त्यासाठी एसटीएसी आणि सीएलएसी या दोन मशीन सूचना आहेत. आणि एस३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर) तर कर्नल आणि युजर यांचे पत्त्यांचे प्रदेशच वेगळे असतात. तिथे तोच आकडा कर्नलमध्ये वापरला तर फॉल्ट न येता भलत्याच जागेचा डेटा हाती लागू शकतो.

ॲक्सेस_ओके खरं आलं, म्हणजे पत्ता सुरक्षित आहे ना?

नाही. ॲक्सेस_ओके फक्त एवढंच बघतं की सुरुवातीपासून लांबी मोजून होणारा पट्टा युजरच्या हद्दीत बसतो का. एक्स८६-६४ वर चार पातळ्यांची पेज टेबलं असतील तर ही हद्द १२८ टेबीबाइट आहे. तिथे पेज मॅप केलेलं आहे का, त्यावर लिहायची परवानगी आहे का, यातलं त्याला काहीच कळत नाही. कळलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तपासणी आणि वापर यांच्यामध्ये त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड ते पेज अनमॅप करू शकतो.

नेहमीच्या कोडमध्ये ते स्वतः लिहायची गरजच नसते. कॉपी_फ्रॉम_युजर, कॉपी_टू_युजर, गेट_युजर, पुट_युजर ही तपासणी आतच करतात. जुन्या उदाहरणांमध्ये ॲक्सेस_ओकेला तीन आर्ग्युमेंट दिसतात, पहिलं व्हेरिफाय_रीड किंवा व्हेरिफाय_राइट. ते पहिलं आर्ग्युमेंट लिनक्स ५.० मध्ये काढून टाकलं, त्यामुळे तसा कोड आता कंपाइल होत नाही.

मग कॉपी करताना पेज नसेल तर कर्नल कोसळत का नाही?

एक्सेप्शन टेबलमुळे. ही रचना समजून घेतली की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

युजर मेमरीला हात लावणारी प्रत्येक मशीन सूचना कंपाइल होताना एका टेबलात नोंदवली जाते: सूचनेचा पत्ता, आणि ती फसली तर कुठे जायचं तो पत्ता. कॉपी चालू असताना पेज फॉल्ट आला की फॉल्ट हँडलर आधी नेहमीचं काम करतो. पेज स्वॅपमध्ये असेल तर आणतो, अजून दिलेलंच नसेल तर नवं देतो, कॉपी-ऑन-राइट असेल तर प्रत करतो, आणि तीच सूचना पुन्हा चालवतो. युजरला किंवा तुम्हाला यातलं काही जाणवत नाही. पेज आणणं शक्यच नसेल तर हँडलर टेबलात शोधतो. नोंद सापडली तर नियंत्रण दुरुस्तीच्या पत्त्यावर जातं आणि तुमच्या फंक्शनला अपयश कळतं. नोंद नसेल तर ऊप्स. सरळ डीरेफरन्स केलेल्या सूचनेची नोंद नसते, म्हणून ती मशीन पाडते.

लिनक्स २.१ मालिकेच्या आधी हे काम व्हेरिफाय_एरिया करायचं: प्रत्येक कॉपीआधी प्रोसेसच्या मेमरीचे भाग तपासायचे, मग कॉपी करायची. बहुतेक वेळा पत्ता बरोबरच असतो, तरी दर वेळी ती तपासणी करावी लागायची. एक्सेप्शन टेबलात पत्ता बरोबर असताना जवळजवळ काहीच खर्च नाही.

कॉपी_फ्रॉम_युजर नेमकं काय परत देतं?

कॉपी न झालेल्या बाइटची संख्या. शून्य म्हणजे यश. ते कधीही ऋण नसतं आणि तो एरर कोडही नसतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे जवळून पाहू.

समजा २४ बाइटचं स्ट्रक्चर आणायचं आहे. युजरने ते अशा जागी ठेवलं आहे की पहिले १६ बाइट मॅप केलेल्या पेजच्या शेवटी येतात आणि उरलेले ८ पुढच्या, मॅप नसलेल्या पेजवर. कॉपी अर्ध्यात थांबते आणि ८ परत मिळतात. आता चुकीचे दोन नमुने बघा. पहिला: परत आलेली किंमत शून्यापेक्षा लहान आहे का ते बघणं. किंमत अनसाइन्ड आहे, म्हणजे ऋण होऊच शकत नाही, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नाही आणि कोड अर्धवट डेटा घेऊन पुढे जातो. दुसरा: किंमत शून्य नसेल तर तीच रिटर्न करणं. राइट हँडलरमधून ८ परत गेले की युजर प्रोग्रॅम समजतो की ८ बाइट लिहिले गेले. आयऑक्टलमधून (उपकरणाला खास आज्ञा देणाऱ्या सिस्टिम कॉलमधून) ८ परत गेले की तेही यशच समजलं जातं.

बरोबर नमुना एकच: शून्याशिवाय काहीही आलं तर -ईफॉल्ट (पत्ता वाईट आहे, हा एरर कोड) रिटर्न करा.

अपयश आलं तर कॉपी_फ्रॉम_युजर तुमच्या बफरचा उरलेला भाग शून्यांनी भरतं, म्हणजे जुना कचरा पुढे जात नाही. नावाआधी दुहेरी अंडरस्कोअर असलेली आवृत्ती हे करत नाही. आणि एक खास सूचना: आयओव्ही_आयटर (एक किंवा अनेक बफरांमधून क्रमाने पुढे सरकायची कर्नलची रचना) वापरणाऱ्या कोडमधलं कॉपी_फ्रॉम_आयटर बरोबर उलटं वागतं, ते कॉपी झालेल्या बाइटची संख्या देतं. जुना ड्रायव्हर रीड-राइटवरून रीड_आयटर-राइट_आयटरवर नेताना तुलना उलटी करायची राहून जाते.

गेट_युजर कधी आणि कॉपी_फ्रॉम_युजर कधी?

एकच साधी किंमत (१, २, ४ किंवा ८ बाइट) हवी असेल तर गेट_युजर. आकार पॉइंटरच्या प्रकारावरून ठरतो. हे सरळ ० किंवा -ईफॉल्ट देतं, त्यामुळे त्याची किंमत तशीच रिटर्न केली तरी चालते. स्ट्रक्चर किंवा बफर असेल तर कॉपी_फ्रॉम_युजर. एका स्ट्रक्चरची चार फील्ड चार गेट_युजरने आणू नका. ती फील्ड एकमेकांशी जुळतील याची मग हमी राहत नाही.

युजरकडून स्ट्रिंग कशी घ्यायची?

स्ट्रएनसीपीवाय_फ्रॉम_युजर वापरा, पण त्याची एक खोड लक्षात ठेवा: दिलेल्या मर्यादेत शेवटचा शून्य बाइट सापडला नाही तर ते स्वतःहून शून्य जोडत नाही, फक्त मर्यादेएवढी संख्या परत देतं. म्हणजे ६४ च्या बफरला ६४ परत आले तर स्ट्रिंग न संपताच थांबली आहे. ती नाकारा. गुपचूप कापून पुढे जाऊ नका. कापलेलं नाव दुसऱ्याच कशाचं तरी नाव असू शकतं.

मेमरीही स्वतः घ्यायची नसेल तर स्ट्रएनडुप_युजर सोयीचं आहे. स्ट्रिंग मर्यादेपेक्षा लांब असेल तर ते -ईइनव्हल (आर्ग्युमेंट चुकीचं आहे, हा एरर कोड) देतं.

स्ट्रएनलेन_युजरने लांबी मोजायची आणि मग तेवढे बाइट कॉपी करायचे, हा प्रकार टाळा. मोजल्यानंतर स्ट्रिंग बदलू शकते.

दोनदा वाचण्याला एवढं का घाबरायचं? मध्ये किती वेळ जातो?

मध्ये जाणारा वेळ हल्लेखोराला वाढवता येतो, म्हणून.

असा एक निरोप समजा: पहिले ४ बाइट लांबी, पुढे मजकूर. कोड आधी गेट_युजरने लांबी आणतो. ती ६४ आहे. २५६ पेक्षा लहान आहे, चला. मग ६४ बाइटचा पूर्ण निरोप, लांबीच्या फील्डसकट, कर्नल बफरमध्ये कॉपी होतो. पुढे दुसरं एखादं फंक्शन बफरमधली लांबी वाचून त्याप्रमाणे लूप चालवतं. पण त्या दोन वाचनांच्या मध्ये दुसऱ्या सीपीयूवरच्या थ्रेडने लांबी ६४ ची ६५००० केली असेल, तर तपासलेली लांबी वेगळी आणि वापरलेली वेगळी. लूप बफरच्या बाहेर जातो. एएसीरेड ड्रायव्हरमधला सीव्हीई-२०१६-६४८० (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) याच जातीचा होता: हेडर आणून आकार काढायचा, मग त्या आकाराने सगळं पुन्हा आणायचं, आणि नंतर दुसऱ्यांदा आलेल्या हेडरवर विश्वास ठेवायचा.

खिडकी लहान आहे हा बचाव टिकत नाही. युजरफॉल्टएफडी वापरून हल्लेखोर दुसऱ्या पेजचा फॉल्ट स्वतः हाताळतो आणि तुमची कॉपी हवी तेवढी लटकवून ठेवतो. फ्यूज फाइल सिस्टिमवरची (जी युजर प्रोग्रॅमच चालवतो) फाइल मॅप करूनही हेच साधता येतं. म्हणूनच लिनक्स ५.११ पासून साध्या युजरला कर्नलमधले फॉल्ट युजरफॉल्टएफडीने अडवायची परवानगी आपोआप मिळत नाही. फ्यूजचा मार्ग मात्र उरतो.

दोन पायऱ्यांत आणणं टळतच नसेल तर हेडर एकदा आणा, तपासा, पूर्ण निरोप आणल्यावर बफरमधल्या हेडरवर पहिली तपासलेली प्रत पुन्हा लिहा. किंवा दोन्ही जुळतात का ते बघा आणि जुळत नसतील तर -ईइनव्हल द्या. पहिला मार्ग आम्हाला अधिक पटतो, कारण त्यात पुढचा कोड चुकीची लांबी वाचूच शकत नाही.

मॅप केलेल्या सामायिक रिंग बफरला हेच सगळं लागू आहे. तिथे कॉपी फंक्शन नसतं, म्हणून रीड_वन्सने किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या. नाहीतर कंपायलर स्वतःच तीच जागा दोनदा वाचू शकतो. सी कोडमध्ये एकच वाचन दिसतं आणि मशीन कोडमध्ये दोन निघतात. सेककॉम्पचे (प्रोसेसला कोणते सिस्टिम कॉल करता येतील ते ठरवणारे) फिल्टर पॉइंटरच्या मागे जात नाहीत, तेही याच कारणाने: फिल्टरने पाहिलेली स्ट्रिंग आणि सिस्टिम कॉलने नंतर वाचलेली स्ट्रिंग एकच असेल याची खात्री देता येत नाही.

लांबी किंवा संख्या युजर देत असेल तर मेमरी किती घ्यायची?

कमाल मर्यादा तुम्ही ठरवा, आणि ती केमॅलॉकच्या (कर्नलमध्ये मेमरी घेणाऱ्या फंक्शनच्या) आधी तपासा. लांबी अनसाइन्ड प्रकारात ठेवा. साइन्ड असेल तर -१ ही २५६ पेक्षा लहान म्हणून तपासणीतून सुटते आणि पुढे साइझ_टी होताना प्रचंड आकडा बनते.

गुणाकार हा दुसरा सापळा. प्रत्येक नोंद १६ बाइटची आणि युजरने संख्या दिली २६८४३५४५७. गुणाकार ४२९४९६७३१२ होतो, पण ३२ बिटमध्ये त्यातले फक्त १६ उरतात. १६ बाइटचा बफर मिळतो आणि लूप सव्वीस कोटींहून जास्त नोंदी भरायला निघतो. केमॅलॉक_ॲरे, ॲरे_साइझ, स्ट्रक्ट_साइझ हे याचसाठी आहेत.

मेमरी घेणं आणि कॉपी करणं एकत्र हवं असेल तर मेमडुप_युजर वापरा. मोठ्या आकारासाठी व्हीमेमडुप_युजर, आणि ते सोडताना केव्हीफ्री. लिनक्स ६.७ पासून मेमडुप_ॲरे_युजरही आहे, जे गुणाकार ओसंडला तर -ईओव्हरफ्लो देतं. ही सगळी अपयशात एरर पॉइंटर देतात, नल नाही. इज_एररने तपासा.

कर्नलकडून युजरकडे लिहिताना कसला धोका? डेटा तर आपलाच आहे.

आपला आहे म्हणूनच तो बाहेर जाता कामा नये. एक बाइटचं फील्ड आणि त्यानंतर ८ बाइटचं, असं स्ट्रक्चर ६४ बिटवर ९ नाही, १६ बाइटचं होतं. मधले ७ बाइट कंपायलरची भर. दोन्ही फील्ड नीट भरून कॉपी_टू_युजर केलं तरी त्या ७ बाइटमध्ये स्टॅकवर आधी जे काही होतं ते बाहेर जातं. त्यात कर्नल पॉइंटरचे तुकडे असले की पत्त्यांची यादृच्छिक मांडणी फोडायला मदत होते.

महिरपी कंसात शून्य लिहून इनिशियलाइझ केलं तर फील्ड शून्य होतात, पण मधली भर शून्य होईलच असं सी मानक सगळीकडे सांगत नाही. आधी मेमसेटने सगळं शून्य करा, मग फील्ड भरा. हीपवर असेल तर केमॅलॉकऐवजी केझॅलॉक, जे शून्य केलेली मेमरी देतं. नवं स्ट्रक्चर आखत असाल तर ती भर नाव देऊन राखीव फील्ड म्हणूनच लिहा आणि युजरकडून येताना ते शून्य आहे हे तपासा. आज तपासलं नाही तर उद्या ते फील्ड वापरता येत नाही, कारण जुने प्रोग्रॅम त्यात कचरा पाठवत असतात.

लिनक्स ४.८ पासूनचं हार्डन्ड युजरकॉपी कॉपीचा पट्टा स्लॅब ऑब्जेक्टच्या (केमॅलॉकने दिलेल्या तुकड्याच्या) किंवा स्टॅक फ्रेमच्या बाहेर जातो का ते बघतं. ऑब्जेक्टच्या आतली गळती त्याला दिसत नाही. ती केएमसॅनला (न भरलेली मेमरी वापरली की सांगणाऱ्या साधनाला) दिसते, आणि ते ६.१ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे.

स्पिनलॉक (ज्याची वाट न झोपता, गोल फिरत बघितली जाते तो लॉक) धरलेला असताना कॉपी का करायची नाही?

पेज आणायला डिस्कपर्यंत जावं लागू शकतं, म्हणजे झोपावं लागू शकतं, आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं चालवणं) चालू असलेल्या कर्नलमध्ये फॉल्ट हँडलरला आपण अणुसंदर्भात, म्हणजे झोपायची मुभा नसलेल्या स्थितीत, आहोत हे कळतं आणि तो पेज आणायच्या फंदात न पडता सरळ दुरुस्तीकडे जातो. परिणाम: युजरचा पत्ता बरोबर असूनही अधूनमधून -ईफॉल्ट, तोही मेमरी कमी पडली की जास्त. प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलमध्ये ते कळत नाही, थ्रेड खरोखर झोपतो आणि तोच लॉक मागणारे बाकीचे सीपीयू गोल गोल फिरत राहतात. टेस्ट कर्नलमध्ये डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू ठेवलं की पहिल्याच कॉपीला तक्रार छापून येते, फॉल्ट यायची वाट बघावी लागत नाही.

उपाय साधा आहे. आत येताना: आधी लोकल प्रतीत कॉपी, मग लॉक. बाहेर जाताना: लॉक धरून लोकल स्ट्रक्चर भरा, लॉक सोडा, मग कॉपी_टू_युजर. लॉकखाली वाचणं टळतच नसेल तर पेजफॉल्ट_डिसेबल करून कॉपी फंक्शनची इनॲटॉमिक (न झोपणारी) आवृत्ती वापरा. फसली तर लॉक सोडून पेज आणवा आणि पुन्हा सुरुवातीपासून या. फ्युटेक्सचा कोड असाच चालतो.

इंटरप्ट हँडलरमध्ये तर प्रश्नच नाही. त्या क्षणी सीपीयूवर कोणती प्रोसेस असेल ते सांगता येत नाही, मग ती मेमरी कोणाची?

म्युटेक्स (ज्याची वाट झोपून बघता येते तो लॉक) धरून चालेल का?

चालेल, पण एममॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचा लॉक) धरून नाही. फॉल्ट हँडलरला तोच लॉक लागू शकतो. तुम्ही तो लिहिण्यासाठी धरला असेल तर स्वतःच स्वतःची वाट बघत बसाल. वाचण्यासाठी धरला असेल आणि मध्ये एखादा लिहिणारा रांगेत आला, तरी तेच.

आडवळणाचा प्रकार जास्त त्रास देतो. आयऑक्टल ड्रायव्हरचा म्युटेक्स घेऊन कॉपी करतं, म्हणजे क्रम म्युटेक्स, मग एममॅप_लॉक. त्याच ड्रायव्हरचा एममॅप हँडलर मात्र एममॅप_लॉक आधीच धरलेला असताना बोलावला जातो आणि आत तोच म्युटेक्स घेतो. क्रम उलटा झाला. लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) चालू असेल तर प्रत्यक्ष अडकण्याआधीच तो हे दाखवून देतो.

दुहेरी अंडरस्कोअरच्या आवृत्त्या वेगवान असतात म्हणे. वापरू का?

नको. त्या ॲक्सेस_ओके गाळतात, आणि ते आधी कुठेतरी झालंय हे पुढे कोड हलवणाऱ्याला कळत नाही. सीव्हीई-२०१७-५१२३ असाच घडला: लिनक्स ४.१३ मध्ये वेटआयडी या सिस्टिम कॉलचा कोड अनसेफ_पुट_युजरवर नेताना ॲक्सेस_ओके राहून गेलं आणि साध्या युजरला कर्नलच्या पत्त्यावर लिहिता येऊ लागलं. त्यानंतर ५.० मध्ये ही तपासणी युजर_ॲक्सेस_बिगिनच्या आत नेली. म्हणून आता त्याला पॉइंटर आणि लांबी द्यावी लागते आणि त्याचा निकाल तपासावा लागतो.

बरीच लहान फील्ड लिहायची असतील तर युजर_ॲक्सेस_बिगिन आणि युजर_ॲक्सेस_एंड यांच्यामध्ये अनसेफ_पुट_युजर हा रास्त मार्ग आहे. त्या दोघांच्या मध्ये दुसरी फंक्शन बोलावू नका, कारण तेवढा वेळ एसमॅपचं दार उघडं असतं. एक्स८६ वर ऑब्जटूल (कंपाइल झालेला कोड तपासणारं साधन) याबद्दल इशारा देतो.

जुन्या कोडमध्ये सेट_एफएस आहे. त्याचं काय करायचं?

काढा. युजर पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनला कर्नल पॉइंटर देता यावा म्हणून सेट_एफएसने ॲक्सेस_ओके बघतं ती युजरची हद्दच तात्पुरती हलवली जायची. हद्द हललेली असताना ऊप्स झाला तर ती तशीच राहायची. सीव्हीई-२०१०-४२५८ मध्ये प्रोसेस संपतानाचं एक शून्य त्यामुळे कर्नलच्या पत्त्यावर लिहिता येत होतं. एक्स८६ वरून सेट_एफएस ५.१० मध्ये गेलं आणि ५.१८ मध्ये ते कायमचं काढून टाकलं. फाइल वाचायची असेल तर कर्नल_रीड आहे.

६४ बिट कर्नलवर ३२ बिट प्रोग्रॅम चालतो तेव्हा काय बदलतं?

स्ट्रक्चरचा आकार. यू३२ आणि त्यामागे यू६४ हे ३२ बिट एक्स८६ वर १२ बाइट, ६४ बिटवर १६. आयऑक्टलच्या क्रमांकात आकार गुंफलेला असतो, त्यामुळे क्रमांकही जुळत नाही आणि प्रोग्रॅमला -ईनॉटटीटीवाय (असा आयऑक्टल नाही, हा एरर कोड) मिळतं.

नवं काही लिहिताना लाँग आणि पॉइंटर टाळा. ठरावीक रुंदीचे प्रकार घ्या, ८ बाइटची फील्ड ८ च्या पटीत ठेवा, पॉइंटर यू६४ म्हणून घ्या आणि यू६४_टू_युजर_पीटीआरने बदला. मग कॉम्पॅट हँडलरच्या (३२ बिट प्रोग्रॅमसाठीच्या हँडलरच्या) जागी कॉम्पॅट_पीटीआर_आयऑक्टल लावलं की बहुतेक वेळा भागतं.

पुढे फील्ड वाढवता येतील असं स्ट्रक्चर कसं आखायचं?

आकार वेगळं आर्ग्युमेंट म्हणून घ्या आणि कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युजर वापरा (५.४ पासून). युजरचं स्ट्रक्चर लहान असेल तर उरलेलं शून्यांनी भरलं जातं. मोठं असेल तर जास्तीचे बाइट शून्य असायला हवेत, नाहीतर -ई२बिग. ओपनएट२ हा सिस्टिम कॉल याच पद्धतीने चालतो. किमान आकाराची तपासणी मात्र तुम्हीच करायची.

वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची कर्नलमधली रांग) किंवा कर्नल थ्रेडमधून युजर पॉइंटर वापरता येतो का?

जसाच्या तसा नाही. त्या थ्रेडला युजरची मेमरीच नसते. काम रांगेत टाकण्याआधी डेटा कॉपी करून घ्या. दहापैकी नऊ वेळा हेच योग्य आहे. खरोखर नंतरच लिहायचं असेल तर मूळ प्रोसेसच्या एमएमचा (मेमरीच्या नकाशाचा) संदर्भ धरून ठेवा, केथ्रेड_यूज_एमएमने तो लावा, काम झालं की काढा. दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचायला ॲक्सेस_प्रोसेस_व्हीएम आहे.

उपकरणाने थेट युजर बफरमध्ये डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता मेमरीत वाचणं-लिहिणं) करायचा असेल तर?

कॉपी फंक्शनचा इथे उपयोग नाही, पेज जागेवर रोवावी लागतात. पिन_युजर_पेजेस_फास्ट (५.६ पासून) वापरा. उपकरण मेमरीत लिहिणार असेल तर फॉल_राइट द्यायलाच हवं, आणि पेज बराच काळ अडकून राहणार असतील तर फॉल_लाँगटर्म. मागितली त्यापेक्षा कमी पेज मिळू शकतात. तेव्हा मिळालेली सोडा आणि मगच एरर द्या, नाहीतर ती कायमची अडकतात. सोडताना अनपिन_युजर_पेजेस_डर्टी_लॉक, म्हणजे पेज बदललं आहे हे कर्नलला कळतं. रोवलेली मेमरी आरलिमिट_मेमलॉकच्या (प्रोसेसला किती मेमरी अडकवून ठेवता येते त्या मर्यादेच्या) हिशोबात धरा.

हा भाग किती नाजूक आहे ते डर्टी काऊ नावाच्या त्रुटीने दाखवलं. ती, म्हणजे सीव्हीई-२०१६-५१९५, ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली, पण चूक २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून होती: पेज मिळवणाऱ्या कोडमधल्या शर्यतीमुळे फक्त वाचायच्या पेजवर लिहिता येत होतं. आणि रोवलं म्हणजे गोठलं नाही. युजर त्या पेजमधला डेटा केव्हाही बदलू शकतो.

फ्रीबीएसडी आणि विंडोजवर हेच नियम आहेत का?

नियम तेच, फंक्शन वेगळी. फ्रीबीएसडीमध्ये कॉपीइन आणि कॉपीआउट सरळ ० किंवा ईफॉल्ट देतात. आर्ग्युमेंटचा क्रम मात्र उलटा: लिनक्समध्ये आधी कुठे आणि मग कुठून, तिथे आधी कुठून आणि मग कुठे. स्ट्रिंगसाठी कॉपीइनएसटीआर.

विंडोजमध्ये प्रोबफॉररीड हे ॲक्सेस_ओकेसारखं हद्द आणि अलाइनमेंट बघतं. लांबी शून्य असेल तर ते काहीच तपासत नाही. त्यानंतरचं प्रत्येक वाचन-लेखन ट्राय-एक्सेप्टच्या आतच हवी, आणि डेटा कर्नल बफरमध्ये उचलून मगच तपासायचा. मेथड_नायदरच्या (ज्यात विंडोज युजरचा पॉइंटर जसाच्या तसा देतं त्या) आयऑक्टलमध्ये ही सगळी जबाबदारी ड्रायव्हरची असते.

स्पेक्टरसाठी (प्रोसेसर अंदाजाने आधीच चालवतो त्या कोडचा फायदा घेणाऱ्या हल्ल्यासाठी) वेगळं काही करावं लागतं का?

कॉपी फंक्शन स्वतःची काळजी घेतात. तुमच्या वाट्याला येतो तो युजरने दिलेला इंडेक्स: हद्द तपासल्यावर ॲरे_इंडेक्स_नोस्पेकमधून काढा, मगच ॲरेत वापरा.

हे सगळं बरोबर आहे याची चाचणी कशी घ्यायची?

आधी स्पार्स, म्हणजे कर्नलचा सी कोड न चालवता तपासणारं साधन. युजर पॉइंटरवर दुहेरी अंडरस्कोअरची युजर खूण लावा आणि मेकला सी=२ देऊन बिल्ड करा. खूण नसलेल्या ठिकाणी तो पॉइंटर गेला की पत्त्यांचे प्रदेश जुळत नाहीत असा इशारा येतो. तो गप्प करायला कास्ट टाकू नका. बहुतेक वेळा इशारा खरा असतो.

मग युजर प्रोग्रॅममधून मुद्दाम वाईट पत्ते द्या: नल, १, सगळे बिट १ असलेला पत्ता, कर्नलच्या हद्दीतला पत्ता, युजरच्या हद्दीच्या शेवटून ८ बाइट अलीकडचा पत्ता. लिहिणाऱ्या आयऑक्टलला फक्त वाचायचं पेज द्या. प्रत्येक ठिकाणी -ईफॉल्ट यायला हवं आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) कोरं राहायला हवं.

अर्धवट कॉपीसाठी एममॅपने दोन पेज घ्या, दुसऱ्याची सगळी परवानगी एमप्रोटेक्टने काढा, आणि स्ट्रक्चर पहिल्याच्या शेवटी असं ठेवा की दर फेरीला एक बाइट अधिक पलीकडे जाईल. २४ बाइटच्या स्ट्रक्चरला २४ फेऱ्या. एकाही फेरीत धन संख्या परत आली तर कॉपीचा निकाल तसाच रिटर्न होतोय. अपयशाच्या वाटेवर मेमरी गळते का ते बघायला कॉपी मुद्दाम फसवणारं फेल_युजरकॉपी (५.१० पासून) चालू करा आणि सोबत गळती शोधणारं केमेमलीक.

दुहेरी वाचनासाठी दोन थ्रेड: एक लांबीचं फील्ड ६४ आणि ६५००० मध्ये सतत उलटंपालटं करतो, दुसरा तोच आयऑक्टल लाखो वेळा मारतो. दोन्ही वेगवेगळ्या सीपीयूवर बांधा आणि कर्नल केसॅन (बफरच्या बाहेर हात गेला की सांगणारं साधन) लावून बिल्ड केलेला असू द्या. एकाच सीपीयूवर ही चाचणी तासभर चालूनही काही न दाखवता संपू शकते.